हवा नेमकी आली कुठनं? (सह्याद्रीनं दिली म्हणणाऱ्यांनी जरूर यावे)

वाईकर_घाटातला
मंडळी, एक वाद मिटवून द्या. पाचगणीच्या रस्त्याला एका हॉटेलच्या बोर्डावर लिहिलंय, 'शुद्ध हवा, दुप्पट ऑक्सिजन'. त्यावरनं आमच्या कट्ट्यावर अशी जुंपली की चहा गार झाला तरी कुणाचं लक्ष नाही. एकाचं म्हणणं उंचावर ऑक्सिजन जास्त असतो, नाहीतर पूर्वी टीबीची माणसं पाचगणीला कशाला पाठवली असती. दुसरा म्हणतो उलट कमी असतो, एव्हरेस्टवर सिलिंडर काय हौस म्हणून नेतात का. तिसऱ्याने तर मुळालाच हात घातला, म्हणे ही हवा मुळात आली कुठनं ते आधी सांगा, आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं, की आपला सह्याद्री ज्वालामुखीचा, त्यातनंच सगळी हवा बाहेर पडली, म्हंजे जगाला हवा साताऱ्याने दिली. शेवटचं वाक्य ऐकायला बरं वाटलं पण पटलं नाही. जाणकारांनी सांगावं. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांना आधीच रामराम, तिथं वाचून डोकं फिरलं म्हणून इथं आलोय.

कंदी_पेढा
दुप्पट ऑक्सिजन असता तर पहिल्याच तंदूरला हॉटेल पेटलं असतं. दुप्पट तिथं फक्त बिल असतंय.

माणदेशी_मेंढा
साताऱ्याची हवा आधीपास्नंच आहे की, त्यात नवीन काय सांगितलं त्यांनी.

रसायन_मॅडम
वर्गात चाळीस पोरांपुढे बोलायची सवय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, सांभाळून घ्या.

आधी बोर्डाचा निकाल लावू. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के, ऑक्सिजन २०.९५, आरगॉन ०.९३, आणि उरलेल्या चिमटीभर जागेत कार्बन डायऑक्साइड, निऑन, हेलियम, मिथेन, क्रिप्टॉन वगैरे गर्दी. आमच्या सांगलीत आयर्विन पुलावर उभे राहा नाहीतर महाबळेश्वरला, टक्के हेच. वारे हवा सतत घुसळत असतात त्यामुळे पार ८०-९० किलोमीटर उंचीपर्यंत हे प्रमाण फारसं हलत नाही. हलतो तो दाब. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, तिथं दाब समुद्रकाठच्या ८५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे एका श्वासात ऑक्सिजनचे रेणू तेवढ्याच मापाने कमी. पाणीसुद्धा तिथं ९५-९६ अंशालाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ शिजवायला बसलात तर बसूनच राहाल. तेव्हा दुप्पट सोडाच, एकपट पण नाही.

टीबीच्या लोकांना पाचगणीत बरं वाटायचं ते धूर-धूळ नसलेली गार हवा, सक्तीचा आराम आणि चांगलं खाणं यामुळे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडलं आणि पुढच्या काही वर्षांत औषधांनी काम सुरू केलं तशी सॅनेटोरियमची गरजच संपत गेली.

आणि 'कोरड्या हवेत' हे मुद्दाम म्हटलंय. पाण्याची वाफ रोज बदलते, कोयनेत भर पावसात ती अडीच टक्क्यांच्या घरात असेल आणि दुष्काळी माण तालुक्यात मे महिन्यात दुपारी त्याहून बरीच कमी.

माणदेशी_मेंढा
मॅडम माणातल्या मे महिन्याचा उल्लेख केल्याबद्दल आभार, आमची वाफ आम्हालाच लागते. पण टक्के दहावीपासनं पाठ आहेत हो. इषय आलं कुठनं हा आहे.

दगडफोड्या
कराडला असतो, पोट दगडावर आहे (भूगर्भवाला, खाणवाला नाही). माझ्या परीने सांगतो.

पृथ्वी झाली ४५४ कोटी वर्षांपूर्वी. सूर्याभोवती जो वायूचा ढग होता त्यात मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. पृथ्वीने त्यातला थोडाफार ओढून घेतला असेल, पण तो टिकला नाही. हे कशावरून, तर निऑनवरून. सूर्यात निऑन आणि नायट्रोजन जवळपास बरोबरीला आहेत. आपल्या हवेत मात्र दहा लाख भागात नायट्रोजन ७ लाख ८० हजार आणि निऑन फक्त १८. आता निऑन असा प्राणी की तो कुणाशी संयोग करत नाही, दगडात लपत नाही, समुद्रात विरघळून गायब होत नाही. मग गेला कुठं? म्हणजे ढगातनं आलेली ती पहिली हवा जवळजवळ सगळीच निसटली, आणि आज आपण जी घेतोय ती नंतर, पृथ्वीच्या पोटातल्या दगडातनं बाहेर पडलेली आहे. नायट्रोजन, पाणी, कार्बन हे घन पदार्थात अडकून आत राहू शकले, निऑनला ते जमलं नाही. मला तरी हा सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर पुरावा वाटतो, एका निरुपयोगी वायूची गैरहजेरी.

मग ज्वालामुखीतनं काय बाहेर पडलं? आज पडतं तेच, वाफ सगळ्यात जास्त, मग कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू, थोडा नायट्रोजन. वर उल्का आपटत होत्या त्यांनीही पाणी आणि कार्बन आणला. ऑक्सिजन? मोकळा म्हणावा असा नाहीच. पृष्ठभाग थंड झाला तशी वाफ पाऊस होऊन खाली आली. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सला झिरकॉन या चिवट खनिजाचे बारके कण सापडलेत, ४४० कोटी वर्षं जुने, त्यांच्या रसायनावरनं दिसतं की तेव्हाच पृथ्वीवर पातळ पाणी असावं. समुद्र आल्यावर कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळला आणि पुढं चुनखडी होऊन तळाला बसला. शुक्राचं उदाहरण घ्या, तिथं समुद्र टिकला नाही, हवेत आजही ९६.५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दाब आपल्या ९० पटींच्या वर. आपल्याकडेही माल जवळपास तेवढाच होता असं धरतात, फक्त तो आज चुनखडीत बंद आहे.

आता गंमत बघा. नायट्रोजन ७८ टक्के आहे तो फार निघाला म्हणून नाही. वाफ खाली पडली, कार्बन दगडात गेला, गंधक धुऊन निघालं, आणि हा आपला कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून मागं राहिला.

कंदी_पेढा
थोडक्यात सरकारी ऑफिसातल्या सिनियर क्लार्कसारखा. सगळ्यांच्या बदल्या झाल्या हा जागेवरच.

वाईकर_घाटातला
दगडफोड्या साहेब, मानलं. पण माझ्या मित्राला काय सांगू, ज्वालामुखी तर तुम्हीच म्हणताय. मग सह्याद्रीचा वाटा आहे का नाही?

दगडफोड्या
मित्राला सांगा, ज्वालामुखी बरोबर, पत्ता चुकीचा. आपला दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. पृथ्वीच्या हिशेबात ही कालची गोष्ट. तेव्हा हवा जवळपास आजच्यासारखीच होती आणि डायनासोर ती आरामात घेत होते.

कागदावरचा पुरावा नको असेल तर आंबेनळी घाटात चला, महाबळेश्वर ते पोलादपूर. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये विटेच्या रंगाचा पट्टा दिसतो, कुठं वीतभर, कुठं हातभर, कुठं पुरुषभर. खालचा भाग काळ्या दगडात हळूहळू मिसळलेला, वरची कड मात्र सुरीने कापल्यासारखी सरळ. का? एक लाव्हा येऊन थंड झाला, मग बराच काळ शांतता, तेवढ्यात वरचा दगड ऊनपावसाने झिजून त्याची माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा त्या मातीवर येऊन बसला आणि तिला भाजून काढलं. नखाने खरवडलं तर बोट लाल होतं. हा लाल रंग गंजलेल्या लोखंडाचा. हवेत ऑक्सिजन नसता तर असा गंज चढला नसता. म्हणजे सह्याद्री बनत असतानाच्या हवेत ऑक्सिजन होता ही साक्ष सह्याद्रीनेच देऊन ठेवलीय.

वाटा अजिबात नाही असं मात्र नाही. त्या लाव्हाबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू प्रचंड सुटले, हवामान हललं. डायनासोर गेले त्यात याचा हात किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या उल्केचा किती यावर अजून भांडणं चालू आहेत. आणि उलट्या दिशेने, हा काळा दगड पावसात झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यावाटे समुद्राकडे पाठवत राहतो. कृष्णा-कोयना आजही तेच काम करतायत.

उंटावरचा_शहाणा
लेख चांगला आहे पण हे ४०० कोटी वर्षांपूर्वी मोजायला कोण गेलं होतं? आज एक सांगतात, दहा वर्षांनी दुसरं. आमच्या पिढीला शाळेत शिकवलं की सुरुवातीच्या हवेत मिथेन अमोनिया होता, १९५३ चा तो मिलरचा प्रयोग, बाटलीत वीज पाडली आणि अमिनो ॲसिड निघालं. आता म्हणता कार्बन डायऑक्साइड. आणि ऑक्सिजन झाडं देतात हे तर पोराटोरांनाही माहितीय, त्यात एवढं काय. पिंपळ तर रात्री पण देतो. आमच्या पाराखाली म्हातारी माणसं उगाच झोपत नव्हती.

रसायन_मॅडम
शहाणेसाहेब, मिलरचा प्रयोग खोटा नव्हता, बाटलीत भरलेली हवा कुठल्या पृथ्वीची हा प्रश्न आहे. नंतर जुन्या दगडांवरनं कळलं की बाहेर येणारे वायू मिथेन-अमोनियापेक्षा कार्बन डायऑक्साइड-नायट्रोजनच्या बाजूचे होते. पुरावा आला की उत्तर बदलायचं, यालाच तर शास्त्र म्हणतात.

पिंपळाबद्दल. प्रकाश नसेल तर कुठलंच झाड ऑक्सिजन सोडत नाही, पिंपळ नाही, तुळस नाही, कडुनिंब नाही. रात्री तीपण आपल्यासारखी श्वासच घेतात. काही वनस्पती, निवडुंग, घायपात वगैरे, रात्री छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत साठवून ठेवतात, पण ऑक्सिजन तयार होतो तो दिवसाच. पाराखाली झोप चांगली लागते ती गार वाऱ्याने आणि गप्पांनी. पिंपळ जरूर लावा, सावलीसाठी लावा.

आणि 'झाडं ऑक्सिजन देतात' हे अर्धंच आहे. झाड आयुष्यभर जेवढा देतं जवळजवळ तेवढाच ते कुजताना, जळताना किंवा कुणी खाल्ल्यावर परत घेतलं जातं. जमाखर्च शून्य. ॲमेझॉनचंही तेच, जगाचं फुफ्फुस वगैरे बोलायला ठीक आहे. शिल्लक कधी पडते? तर मेलेल्या वनस्पतीचा किंवा शेवाळाचा कार्बन कुजायच्या आत गाळात गाडला गेला तर. तो कार्बन खाली अडकला की त्याच्या वाटचा ऑक्सिजन वर मोकळा राहतो. आजचे २१ टक्के म्हणजे कोट्यवधी वर्षं अशी थेंबथेंब पडलेली शिल्लक. आज जगातली सगळी झाडंझुडपं जाळली (जाळू नका) तरी हवेतल्या ऑक्सिजनचा हजारातला एखादा भाग कमी होईल. झाडं तोडू नयेत याला शंभर कारणं आहेत, पण 'ऑक्सिजन संपेल' हे त्यातलं नाही.

उंटावरचा_शहाणा
पिंपळाचं पटलं नाही. बाकी वाचतोय.

पेव_आणि_हळद
मॅडमनी श्वासाचा विषय काढला म्हणून लिहितो. आमचं घर हरिपूरचं, आजोबांपासनं हळदीचं पेव. बाहेरच्यांसाठी, पेव म्हंजे जमिनीतलं कोठार, तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं, आत पोट मोठं, तीन-चार पुरुष खोल. आमच्याकडची माती अशी घट्ट की पाणी आत झिरपत नाही. आतनं पालापाचोळा लावायचा, हळद भरायची, वरनं फरशी आणि माती लिंपून तोंड बंद. वर्षं न् वर्षं हळद तशीच राहते, किडा लागत नाही.

ते का लागत नाही हे आम्हाला शाळेत नाही, पेव उघडताना कळायचं. फरशी काढली की लगेच कुणी उतरायचं नाही हा दंडक. आधी तास न् तास तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. वात फडफडून विझली की परत थांबायचं. वडिलांच्या वेळेला गाडी भरायची घाई म्हणून एकाला तसंच उतरवलं, छातीपर्यंत आत गेला असेल नसेल तोच मान टाकली. कमरेला दोर होता म्हणून ओढून काढला, बाहेर येऊन तोंडावर पाणी मारल्यावर शुद्धीवर आला आणि पहिला प्रश्न, मला ढकललं कुणी. त्याला काही जाणवलंच नव्हतं, ना वास ना खोकला ना घुसमट.

हळद आणि त्यातले बारीकसारीक जीव मिळून आतला ऑक्सिजन संपवतात एवढं कळतंय. पण मग वर ७८ टक्केवाला नायट्रोजन आत तसाच असतो ना? मग माणूस पडतो कशानं?

रसायन_मॅडम
वा, काय प्रश्न विचारलाय! नायट्रोजन तसाच असतो, बरोबर. श्वसनात जेवढा ऑक्सिजन जातो साधारण तेवढाच कार्बन डायऑक्साइड येतो, आणि तो जड, वाऱ्याशिवाय हलायला तयार नाही, खोल खड्ड्यात बसून राहतो. ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आला की कंदिलाची ज्योत विझते. माणूस त्याच्याही थोडं खाली तग धरतो, म्हणून तुमच्या आजोबांचा कंदील हे फार शहाणपणाचं यंत्र होतं.

पण एक सावधगिरी, आणि ही सगळ्यांनी वाचा, विहिरीत उतरणाऱ्यांनी पण. कार्बन डायऑक्साइड सात-दहा टक्के झाला तर ऑक्सिजन असूनही माणूस पडतो, त्यामुळे कंदील जळतोय म्हणजे सगळं ठीक असं नाही. आता गॅस मोजायचे मीटर मिळतात, ते वापरा. आणि आत कुणी पडला तर त्याला काढायला तसंच दुसऱ्याने उतरू नये, एकाचे तीन होतात ते असेच. दोर बांधलेला होता म्हणून तुमचा माणूस वाचला.

पेव_आणि_हळद
मीटर घेतलाय आता. पेवंच थोडी राहिलीत, २००५ च्या पुरात बरीच बसली, नंतर लोकांनी गोडाऊन आणि कोल्ड स्टोरेज धरलं.

द्राक्षबाग_तासगाव
वाचून एकच दुःख झालं. डोक्यावर ७८ टक्के नायट्रोजन फुकट आणि आम्ही युरियाच्या गोणीसाठी दुकानाच्या दारात उभे. हे कुठलं गणित?

रसायन_मॅडम
गणित अजून दुखेल. सांगली-तासगावच्या उंचीला दर चौरस मीटरवर साधारण साडेनऊ टनाहून जास्त हवा उभी आहे. एका एकराचं केलं तर त्यात जवळजवळ ३० हजार टन नायट्रोजन. आणि युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जेमतेम पावणेएकवीस किलो. भानगड अशी की हवेतले नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून असतात की पिकाला ते सोडवता येत नाहीत. ते काम तीन ठिकाणी होतं, विजेच्या कडकडाटात थोडं, जिवाणूंकडे बरंच, आणि कारखान्यात. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, बॉशने १९१३ मध्ये जर्मनीत ओप्पाऊला कारखाना उभा केला. बागेत मधे हरभरा किंवा ताग टाकून उपटून बघा, मुळावर गाठी असतात, आतनं गुलाबी निघाल्या तर समजायचं काम चालू आहे.

द्राक्षबाग_तासगाव
गुलाबी गाठी बघितल्यात. ताग फुलात आला की गाडतो आम्ही. त्यातला कार्बन गाळात जातो का मग, ऑक्सिजन शिल्लक पडतो का :)

रसायन_मॅडम
नाही, तो वर्षभरात कुजतो. पण परीक्षेत असलात तर या प्रश्नाला पैकीच्या पैकी दिले असते.

भडंगवाला
नायट्रोजनवरनं आठवलं, हायवेला टायरमध्ये 'नायट्रोजन हवा' भरायचे वेगळे पैसे घेतात. साधी हवा भरली तरी ७८ टक्के तीच ना?

कंदी_पेढा
उरलेल्या २२ टक्क्यांचे पैसे असतात ते.

भडंगवाला
आणि एक राहिलं. हवेतला हेलियम शोधला गेला तो आपल्या महाराष्ट्रात, विजयदुर्गावर. नॉर्मन लॉकियर साहेबाने १८६८ च्या ग्रहणात. त्याचा ओटा अजून आहे किल्ल्यावर, स्वतः बघून आलोय. तुमच्या यादीत हे कुणीच नाही लिहिलं.

रसायन_मॅडम
आता कोकणवाले माझ्यावर धावून येणार. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण यान्सेन या फ्रेंच माणसाने बघितलं ते गुंटूरहून. लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होता, त्याने २० ऑक्टोबरला तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला. त्यातली पिवळी रेष कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याची नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि तिला हेलियम नाव पडलं. लॉकियर विजयदुर्गला आला हे मात्र खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रॅमसेने १८९५ मध्ये हेलियम जमिनीवरच्या खनिजातनं काढूनही दाखवला होता. तेव्हा ओटा खरा, साहेब खरा, साल तेवढं तीस वर्षं मागे गेलंय.

भडंगवाला
मॅडम, किल्ल्यावर जाऊन हे मोठ्याने बोलू नका एवढंच सांगतो.

दगडफोड्या
हेलियम निघालाच आहे तर, तो हलका असल्यामुळे आपल्या हवेत टिकत नाही, वरनं अवकाशात निसटत राहतो. हायड्रोजन तर सेकंदाला तीनेक किलो जातो. घाबरू नका, पृथ्वीला पुरून उरेल. निसटूनही हेलियम थोडा दिसतो कारण खाली दगडात युरेनियम-थोरियम फुटत असतात आणि नवा तयार होत राहतो. फुग्यात भरतात तो जमिनीखालच्या गॅससोबत काढलेला, हवेतनं नाही.

पण खरा मान आरगॉनला द्या. कार्बन डायऑक्साइडच्या वीसपट जास्त आहे हवेत आणि कुणी विचारत नाही. १७८५ मध्ये कॅव्हेंडिशच्या प्रयोगात शेवटी एक बारका बुडबुडा उरला, कशातच मिसळेना. त्याने तशी नोंद केली आणि ती शंभर वर्षं पडून राहिली. मग रॅले आणि रॅमसे यांनी १८९४ मध्ये दाखवलं की हवेतनं काढलेला नायट्रोजन रसायनातनं काढलेल्यापेक्षा किंचित जड भरतो तो या आरगॉनमुळे. आणि तो आला कुठनं? दगडातल्या पोटॅशियममधनं. पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार आहे, त्याचा निम्मा साठा १२५ कोटी वर्षांत संपतो, आणि संपताना त्यातला काही भाग आरगॉन होतो. हवेतला ९९ टक्क्यांहून जास्त आरगॉन असाच जन्मलेला.

हे आपल्या पायाखालीही चालू आहे. १९६७ च्या कोयना भूकंपानंतर तिथले धक्के कसे होतात हे बघायला अलीकडे तीन किलोमीटर खोल बोअर मारलंय. वर सव्वा किलोमीटरच्या आसपास आपला काळा दगड लागतो आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा कितीतरी जुना दगड. त्यात पोटॅशियम भरपूर. पुढच्या श्वासातला एखादा आरगॉन असल्याच खडकातला असेल.

माणदेशी_मेंढा
म्हंजे जगाला आरगॉन पाटण तालुक्याने दिला. धाग्याचं शीर्षक बदला.

वाईकर_घाटातला
😂 पण ऑक्सिजनचं अजून अर्धवट राहिलंय. मॅडम म्हणाल्या शिल्लक पडत गेली. पण कधीपासनं? आणि शहाणेसाहेबांचा प्रश्न रास्त होता, मोजलं कसं?

दगडफोड्या
मोजायला यंत्रही लागत नाही, डोळे पुरतात. दक्षिण आफ्रिकेत नदीच्या वाळूगोट्यांचे अतिजुने थर आहेत, त्यात पायराइटचे, म्हणजे लोखंड-गंधकाच्या खनिजाचे, घासून गोल झालेले दाणे सापडतात. आज असा दाणा नदीत पडला तर गोल व्हायच्या आत गंजून जाईल. तो न गंजता मैलोगणती वाहत गेला, याचा अर्थ हवेत ऑक्सिजन नव्हता. साधारण २४० कोटी वर्षांपूर्वीनंतरच्या थरात असे दाणे मिळायचे जवळजवळ थांबतात आणि लाल थर सुरू होतात. २००० साली गंधकाच्या समस्थानिकांवरनंही (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तोच काळ निघाला, ओझोन (तो ऑक्सिजनपासनंच होतो) नसताना अतिनील प्रकाश गंधकाच्या वायूवर एक खास ठसा सोडतो, तो ठसाही तिथंच संपतो. दोन वेगळे साक्षीदार, एकच तारीख.

केलं कुणी, तर समुद्रातल्या निळ्याहिरव्या जिवाणूंनी. हिरवट बुळबुळीत, विहिरीच्या पायरीला असतात ना त्यातलेच भाऊबंद. त्यांनी पाणी फोडून ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली ती २४० कोटींच्याही आधी असावी, पण तो हवेत पोचेचना, कारण समुद्रभर लोखंड विरघळलेलं. ऑक्सिजन आला की लोखंड गंजून तळाला. बल्लारी-संदूरचं लोहखनिज, रेडीचं, गोव्याचं, अशा पट्ट्यापट्ट्यांच्या थरातनंच आलेलं आहे, आणि त्यातला बराच भाग त्या जुन्या समुद्रातला गंज. किर्लोस्करवाडीला १९१० पासनं कारखाना आहे, तिथल्या लोखंडी नांगरांनी आपल्या भागातली रानं उलटी केली, त्या नांगराच्या लोखंडाचा इतिहास असा कुठंतरी समुद्रतळाशी जातो.

आणि २१ टक्के लगेच झाले असं नाही. २४० कोटींनंतरही अब्जभर वर्षं ऑक्सिजन कमीच राहिला. दुसरी उडी ८० ते ५४ कोटी वर्षांच्या दरम्यान, त्यानंतर मोठे प्राणी दिसायला लागतात. मग ३० कोटी वर्षांपूर्वी, कोळशाच्या जंगलांच्या काळात, लाकूड दलदलीत गाडलं गेलं आणि ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या आसपास पोचला असावा. चतुर उडायचे तेव्हा, पंख पसरले की सव्वादोन फूट.

कंदी_पेढा
सव्वादोन फुटाचा चतुर. बरं झालं तेव्हा हेल्मेटसक्ती नव्हती.

उंटावरचा_शहाणा
गोल दाण्यांचं आवडलं, ते डोळ्याला दिसतंय म्हणून. पण मग एक सांगा, तो गाडलेला कोळसा आपण आता उकरून जाळतोय म्हणजे मॅडमच्या हिशेबाने ठेव मोडतोय. मग ऑक्सिजन कमी होत नाही का? मघाशी तर म्हणाल्या संपणार नाही.

रसायन_मॅडम
कमी होतोय, आणि मोजलाही जातोय, दरवर्षी दहा लाखात चारेक भाग. पण २ लाख ९ हजारातनं चार. श्वासाला काही फरक नाही. ओरड आहे ती दुसऱ्या बाजूची. कार्बन डायऑक्साइड मुळातच इतका थोडा की जरा भर पडली तरी प्रमाण बदलतं. कारखाने यायच्या आधी दहा लाखात २८० होता, १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आता ४२० च्या पुढे. एवढासा वाटतो, पण जमिनीची उष्णता अडवायच्या कामात त्याचा मोठा वाटा आहे, नायट्रोजन-ऑक्सिजन ते काम करत नाहीत.

द्राक्षबाग_तासगाव
उष्णतेचं आम्हाला विचारा. छाटणीच्या तारखा वडिलांच्या वहीशी जुळत नाहीत आता. पण त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, इथं बोललो तर रात्र जाईल.

उंटावरचा_शहाणा
काढा. तिथं पण येणार मी. आणि पिंपळाचं अजून पटलेलं नाही.

वाईकर_घाटातला
दगडफोड्या साहेब, तो लाल पट्टा कट्ट्यावरच्या तिघांना दाखवायचाय. आंबेनळीत नेमकं कुठं थांबायचं?

दगडफोड्या
महाबळेश्वर सोडून उतार लागला की डाव्या-उजव्या कापलेल्या भिंतींवर लक्ष ठेवा, एक नाही, बरेच दिसतील. वळणावर गाडी लावू नका, जरा रुंद जागा बघून लावा. पावसाळ्यात अजिबात नको, दरडी येतात. दिवाळीनंतर चला, मी कराडहून येतो, हातोडी माझी.

कंदी_पेढा
जेवण कुणाचं ते आधी ठरवा.

पेव_आणि_हळद
मी येतो, मीटर घेऊन. चार ठिकाणचा ऑक्सिजन मोजून आकडे इथं टाकतो.